लाँड्रीच्या म्हातारीचं मिसिंग

फोन वाजला तेव्हा शीताई चिमट्याने उंदीर बाहेर काढत होती.

उंदीर एका दाताच्या डॉक्टरांच्या मोटारीत, एअर फिल्टरच्या डब्यात, कायमचा झोपला होता. झोपून बरेच दिवस झाले असावेत. शीताईच्या हातांत मोज्यांवर मोजे होते, नाकाखाली बामाचा जाड थर होता आणि चेहऱ्यावर तो भाव होता जो बाकीच्यांच्या चेहऱ्यावर वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतो. तिचा कायमचा होता.

"शी," ती उंदराला म्हणाली आणि फोन स्पीकरवर घेतला.

रक्त बघून चक्कर येणाऱ्याने सर्जन होऊ नये म्हणतात. शीताईला वंगण, काजळी, गंज आणि जुनं ऑइल या सगळ्यांची मनापासून किळस होती, आणि जुन्या इंजिनांमधलं तिच्याइतकं त्या शहरात कुणालाच कळत नव्हतं. तिचं म्हणणं सोपं होतं. ज्याला घाणीची सवय होते त्याला घाण दिसेनाशी होते. तिला चोवीस वर्षांत सवय झाली नव्हती. तिचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

"ताई, म्हातारी गेली," पलीकडून लाँड्रीच्या मालकीणबाई म्हणाल्या.

"कधी?"

"काल. चढावर. दोरी बांधून ओढत आणली."

शेजारी उभे असलेले दाताचे डॉक्टर हादरले. म्हातारी म्हणजे लाँड्रीची एकतीस वर्षांची व्हॅन, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

"ड्रायव्हरने मारली तिला," मालकीणबाई म्हणाल्या. डॉक्टर स्टुलावर बसले. "तुम्ही या, इंजिन बघा आणि तसं लिहून द्या."

"कसं?"

"ड्रायव्हरच्या हलगर्जीपणामुळे गेलं, असं."

"बघायच्या आधी लिहू की बघून?"

"तुमच्या सोयीने." मग आवाज खाली आला. "बावीस वर्षं आहे हो तो आमच्याकडे. मला काय हौस नाही. पण आज सहा वाजता त्याच्याकडून किल्ली घ्यायची, असं घरात ठरलंय. हातात कागद असला की बोलायला बरं पडतं."

शीताईने घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते.

"येते," ती म्हणाली. "आणि माझे शनिवारी टाकलेले कपडे झालेत का?"

"धुलाईमास्तरांनी अजून हातात घेतले नाहीत. तुमचे कपडे म्हणजे त्यांचा सण असतो. वेळ काढून धुतात."

*

लाँड्री बाहेरून पांढरी होती आणि आतून त्याहून पांढरी. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे अभ्रे, वाफ, आणि सगळ्यावर गुलाबाचा वास. भिंतींना गुलाब, गाठोड्यांना गुलाब, मालकीणबाईंच्या पावतीपुस्तकालासुद्धा गुलाब. तिथे काम करणाऱ्यांना तो येईनासा झाला होता. शीताईला बामामुळे येत नव्हता.

दाराशीच धुलाईमास्तर बसले होते. मालकीणबाईंचे धाकटे दीर. एका शर्टाची कॉलर मांडीवर घेऊन जुन्या टूथब्रशने ते एक डाग काढत होते. असे चार टूथब्रश त्यांच्या खिशात पेनांसारखे कायम लावलेले असत. मास्तरांबद्दल सांगत की एका लग्नात ते नवरदेवाच्या बाहीवरचा डाग बघून स्टेजवर चढले होते, आणि नवरदेव फोटोंमध्ये एका बाहीने ओला आहे.

"या," मास्तर मान न उचलता म्हणाले. "बघा त्या नरकात काय ते."

मागच्या अंगणात म्हातारी उभी होती. तिच्या पायरीवर ड्रायव्हरकाका बसले होते. पांढरा शुभ्र शर्ट, कडक इस्त्री, मुठीत किल्ली. किल्ली इतकी घट्ट धरली होती की बोटं शर्टाच्या रंगाची झाली होती.

"काका, सुरुवातीपासून सांगा," शीताई म्हणाली. "आणि जरा सरका. तुमच्याजवळ एक झुरळ आहे."

काका सरकले. झुरळही सरकलं.

"शनिवारपर्यंत ठणठणीत होती. रविवारी लाँड्री बंद. सोमवारी सकाळी चावी मारली आणि पहिले तीन सेकंद आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. मग थांबला."

"मंगळवारी?"

"आवाज थांबेचना. आणि मिसिंग. चार पावलं चालायची, एक लंगडायची. पिकअप नाही."

"बुधवारी?"

"चढावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. मी तिथेच बंद केली. परत चावी लावली नाही. नऊ गाठोडी होती दवाखान्याची. खांद्यावरून पोचवली, तीन खेपांत."

"दिवा लागल्यावर किती पुढे गेलात?"

"जागेवर थांबलो, ताई. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्या काढल्या."

"ऑइल कधी बघितलंत?"

"रोज सकाळी ऑइल मोजायची काडी बघतो. टोपणाला हात लावत नाही. तुम्हीच सांगितलंय, काडी तुमची, टोपण माझं. वरून घालायचं झालं तरी तुमच्याकडेच येतो."

"काडीवर काय दिसलं?"

काका घुटमळले. "वाढल्यासारखं वाटलं. म्हटलं, माझे डोळे गेले."

"आणखी काही विचित्र?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं. "हसू नका. धुराला वास येत होता म्हणे. चांगला. सिग्नलवर एक बाई खिडकीशी आल्या आणि विचारलं, कुठलं अत्तर लावता?"

मागून कुणीतरी हसलं. मालकीणबाईंचे चिरंजीव. वय तेवीस, हातात फोन, फोनमध्ये नव्या व्हॅनचा फोटो. "काका, इथे आपल्या सगळ्यांच्याच अंगाला तो वास येतो. आज काय सकाळीच सुरू केली का?"

शीताईने चिरंजीवांकडे उंदराकडे बघावं तसं बघितलं आणि बॉनेट उघडलं.

*

आत एकतीस वर्षांची काजळी होती. पाइपांवर, नळ्यांवर, बॅटरीवर, सगळीकडे. शीताई "शी" म्हणाली, बॅटरीजवळ पुन्हा म्हणाली, आणि ऑइलचं टोपण फिरवून काढलं. बाजूला ठेवलं. हातमोज्याला काहीच लागलं नाही. तिला जरा बरं वाटलं.

मग तिने काडी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या वर बोटभर होतं.

"जुनं इंजिन तेल पितं," ती पुटपुटली. "व्यायलेलं कधी ऐकलं नाही."

पाणी मिसळलं असेल? रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. तिथून थेंब गेला नव्हता. पेट्रोल? तिने पांढऱ्या कागदावर ऑइलचा एक थेंब टाकला. पेट्रोल असतं तर कडेने फिकट वर्तुळ फुटलं असतं. फुटलं नाही.

तिने मोजून वीस सेकंद इंजिन चालवलं. खिळ्यांचा डबा खळखळला. म्हातारी खोकली, लंगडली, पुन्हा खोकली. पहिल्या सिलिंडरचा प्लग तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा पहिल्याला लावून पुन्हा वीस सेकंद. प्लग खराब असता तर मिसिंग त्याच्या मागोमाग गेलं असतं. ते कुठेच गेलं नाही. खरं म्हणजे त्याला एक असं घरच नव्हतं. कधी इथे, कधी तिथे, दारोदार.

मग तिने चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजलं. चारही कमी. सारखेच कमी.

"म्हणजे काय?" मालकीणबाई वाफेतून बाहेर येत म्हणाल्या.

"एक दात दुखला तर दाताचा दोष. बत्तीसच्या बत्तीस दुखले तर जबडा बघायचा."

"आणि जबडा कुठला?"

"टायमिंग चेन."

इंजिनात खाली एक दांडा फिरतो, वर एक. वरचा झडपा उघडतो, मिटतो. दोघांनी एका पावलाने चालायचं असतं, आणि त्यांना बांधून ठेवते ती चेन. चेन सैल पडू नये म्हणून तिच्या पाठीला एक टेन्शनर टेकलेला असतो. त्याच्या अंगात स्वतःची ताकद फारशी नसते. ऑइलचा दाब त्याला पुढे रेटतो.

वरचं झाकण उतरवल्यावर दिसलं. वरच्या चाकाची खूण एक दात मागे होती. चेन सैल पडून एक दात उडी मारून गेली होती.

"अजून एखादा दात गेला असता तर झडपा पिस्टनवर आपटल्या असत्या," शीताई म्हणाली. "मग खरंच म्हातारी गेली असती. दिवा लुकलुकल्यावर जागेवर बंद केली म्हणून वाचली."

काकांनी पहिल्यांदा मान वर केली.

"पण दाब गेलाच का?" मालकीणबाईंनी विचारलं. "ऑइल नव्हतं म्हणूनच ना?"

"ऑइल जास्त होतं."

"मग?"

शीताईने गाडीखाली सतरंजी अंथरली. सतरंजीवर प्लास्टिक अंथरलं. प्लास्टिकवर वर्तमानपत्र अंथरलं. आणि जगातल्या सगळ्या इंजिनांचा तिरस्कार चेहऱ्यावर घेऊन ती आडवी झाली.

ऑइलचा चेंबर उतरला तेव्हा आतून जे आलं त्याला ओतणं म्हणता येणार नाही. ते लोळत आलं. काळपट तपकिरी, बुडबुड्यांनी भरलेलं, ताकासारखं. त्यात काळ्या गुठळ्या तरंगत होत्या. तळाशी ऑइल खेचणारी जाळी असते. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर मळाचं लोणचं बसलं होतं.

शीताई बाहेर आली आणि पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मळ नवा नव्हता. तो एकतीस वर्षं इंजिनाच्या भिंतींना धरून होता, आणि पंधरवड्यापूर्वी तिने स्वतः ऑइल बदललं तेव्हाही भिंतींनाच होता. आता त्याने भिंती सोडल्या होत्या. एकतीस वर्षं भाड्याने राहणारं बिऱ्हाड एका रविवारी आपणहून घर सोडत नाही. कुणीतरी काढावं लागतं.

ती धुण्याच्या खोलीत गेली. मनगटाच्या वर, मोजा संपतो तिथे, काळं लागलं होतं. नळ सोडला, हात धरला, चोळला. साबणाकडे दुसरा हात नेला.

आणि थांबली.

बराच वेळ ती मनगटाकडे बघत राहिली. मग तिने नाकाखालचा बाम पुसला आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन जुन्या ऑइलचा वास घेतला.

*

"शनिवारी मी कपडे टाकायला आले होते," ती चिरंजीवांना म्हणाली. "म्हातारीबद्दल मी काय म्हणाले, आठवतंय?"

"तुम्ही काकांना म्हणालात, आतला मळ काढायच्या फंदात पडू नका, हे इंजिन मळावरच उभं आहे."

"तिथे कोण कोण होतं?"

"आम्ही सगळेच. आई, मास्तरकाका, ड्रायव्हरकाका, मी."

"म्हातारी गेली याचं वाईट वाटतंय?"

"खरं सांगू? नाही." चिरंजीव निदान खोटं बोलत नव्हते. "मी तर विकायला काढणार होतो. रविवारी जाहिरातीसाठी फोटो काढले. दुपारी दहा मिनिटं आलो होतो फक्त."

"बॉनेट उघडलंत?"

"त्याची कळ कुठे असते?"

"फोटो दाखवा."

म्हातारी डावीकडून, म्हातारी उजवीकडून, म्हातारी पाठमोरी. शीताईने तिसरा फोटो मोठा केला. मागे कपडे वाळत घालायची दोरी होती. रविवार, म्हणून रिकामी. फक्त एका टोकाला, चिमट्याने लटकवलेलं, एक नरसाळं.

"हे काय?"

"नरसाळं. लिक्विड ओतायचं."

"रविवारी?"

चिरंजीवांनी खांदे उडवले. त्यांना नव्या व्हॅनचा रंग ठरवायचा होता.

मास्तर अजून त्याच कॉलरवर होते. डाग केव्हाच गेला होता. आता ते डागाच्या आठवणीवर घासत होते.

"मास्तर, तुम्ही कधी म्हातारीचं बॉनेट उघडलंत?"

"मी? त्या गटारात हात घालू? छे."

"रविवारी कुठे होता?"

"मागच्या खोलीत. मी राहतोच तिथे. झोपलो होतो."

"काकांकडून काय चुकलं असेल, तुम्हाला काय वाटतं?"

"चुकायला काही करावं तर लागतं." टूथब्रश जोरात चालू लागला. "त्या टोपणाच्या आत पिवळी साय धरलेली असते. बोटभर. बासुंदीवर धरावी तशी. ती दिसत असून माणूस निवांत गाडी चालवतो? आणि अंगात माझ्या हातचा शर्ट. मी वहिनींना तेच म्हटलं. ज्याला घाण खपते त्याच्या हातात गाडी देऊ नये."

"किल्ली काढून घ्या, हे तुम्हीच सुचवलंत?"

"मी फक्त म्हटलं."

"बरोबर," शीताई म्हणाली.

शेवटी तिने मालकीणबाईंना एकच गोष्ट विचारली. "एक रिकामी काचेची बरणी आहे का? झाकणाची. परत मिळणार नाही."

*

सहाला पंधरा मिनिटं असताना सगळे अंगणात उभे होते. मालकीणबाई, चिरंजीव, मास्तर. काका पायरीवरच होते. किल्ली मुठीतच होती.

शीताईने चेंबरमधलं ऑइल बरणीत घेतलं. वर तेवढंच पाणी ओतलं. झाकण लावलं.

"तेल आणि पाणी हलवलं तर काय होतं?"

"वेगळंच राहतं," मालकीणबाई म्हणाल्या.

शीताईने बरणी दहा वेळा हलवली आणि पायरीवर ठेवली. बरणीच्या वरच्या अर्ध्या भागात फेस होता. दाट, मऊ, भरघोस फेस. मळक्या रंगाचा, पण कुठल्याही जाहिरातीत शोभला असता असा. तिने झाकण काढलं.

अंगणात गुलाबाचा वास पसरला.

"काका पीत नाहीत," शीताई म्हणाली. "सायलेन्सरमधून खरंच गुलाब येत होता. तुमच्या सगळ्यांच्या नाकाला सवय झालीय, म्हणून फक्त त्या सिग्नलवरच्या बाईंना जाणवला. ऑइलच्या भोकातून कुणीतरी लीटरभर कपडे धुण्याचं लिक्विड इंजिनात ओतलंय. मघाशी साबण लावायच्या आधीच माझ्या मनगटावर फेस आला, तेव्हा कळलं."

मालकीणबाईंनी बरणी उचलून उजेडात धरली.

"म्हणून काडीवर ऑइल वाढलं. लिक्विडने आपलं काम चोख केलं. भिंतींचा मळ सोडवला. पण इंजिनाला घाण पाणी सोडून द्यायला मोरी नसते. मळ जाळीत अडकला, राहिलेल्या ऑइलचा फेस झाला. फेसाने टेन्शनर रेटला जात नाही. चेन सैल पडली, एक दात सरकली. सोमवारी खिळे, मंगळवारी मिसिंग, बुधवारी चढ."

"मुद्दाम केलंय हे," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांची नजर नकळत मुलाकडे गेली.

"मी नाही," चिरंजीव म्हणाले. पहिल्यांदाच फोन खिशात गेला.

"तुम्हीच, असं मलाही आधी वाटलं होतं," शीताई म्हणाली. "म्हातारी मेली तर फायदा तुमचाच. पण मग हे बघा."

तिने रुमालातून ऑइलचं टोपण काढून सगळ्यांसमोर धरलं. ते चकाकत होतं. आट्यांमध्ये काळ्याचा कण नव्हता. आतली बाजू ताटासारखी लख्ख.

"मी दुपारी हे हातात घेतलं, हाताला काही लागलं नाही, आणि मला बरं वाटलं. तिथेच माझी चूक झाली. ज्या दिवशी मला इंजिनात हात घालून बरं वाटेल त्या दिवशी काहीतरी गडबड आहे, एवढं मला कळायला हवं होतं. सगळीकडे एकतीस वर्षांची काजळी, आणि मध्येच हा दागिना." तिने टोपण फिरवलं. "जीव घ्यायला आलेला माणूस मढ्याचे केस विंचरून जात नाही. ज्याला गाडी मारायची होती त्याने माती टाकली असती, टोपण लावलं असतं आणि पळाला असता. हा माणूस बसला. त्याने एकेक आटी घासली. छोट्या ब्रशने. मग नरसाळंही धुतलं आणि चिमट्याने वाळत घातलं, कारण ओलं नरसाळं ठेवून देणं त्याच्या जिवाला झेपलं नसतं. ते तुमच्या फोटोत आहे. या माणसाला गाडी मारायची नव्हती. धुवायची होती."

सगळे मास्तरांच्या खिशाकडे बघत होते. चार टूथब्रश. मास्तरांनी वर हात नेला, पण लपवायचं काय हे त्यांना ठरवता आलं नाही.

"ब्रश कुणीही घेईल," ते म्हणाले.

"हो. पण टोपणाच्या आतली पिवळी साय कुणीही बघितलेली नाही. मी बघितलीय, पंधरवड्यापूर्वी. काका टोपण उघडत नाहीत. आणि आज तिथे साय नाही. मग बॉनेट कधीच न उघडलेल्या माणसाला ती बासुंदीसारखी आहे, हे कधी दिसलं?"

मास्तर खाली बसले. बसायच्या आधी त्यांनी फरशी हाताने झटकली.

"तुम्ही शनिवारी म्हणालात," ते शीताईला म्हणाले. "मळ काढू नका म्हणालात. मळावर उभं आहे म्हणालात. मला झोप लागेना. अंगणात, माझ्या खिडकीसमोर, एकतीस वर्षांचा मळ. आणि तो काढायचा नाही. चादरीतलं रक्त मी काढतो, शाई काढतो, गंज काढतो. म्हटलं एकदा आतून स्वच्छ होऊ दे. सगळ्यांना आश्चर्य वाटेल."

"वाटलं," शीताई म्हणाली.

"भाऊजी," मालकीणबाई हळू म्हणाल्या, "काल गाडी ओढत आणली तेव्हा कळलं असेलच तुम्हाला."

"कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण तोवर सगळे यालाच बोलायला लागले होते."

"आणि तुम्ही?"

मास्तरांनी हातातल्या कॉलरकडे बघितलं. "मीही."

चिरंजीवांनी मान वळवली. मालकीणबाईंनी डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं आता शीताई म्हणणार. उंदराला म्हणते, बॅटरीला म्हणते, लोकांच्या सीटखाली सापडलेल्या बिस्किटाला म्हणते. सगळे वाट बघत राहिले.

ती म्हणाली नाही. तो शब्द तिने आयुष्यभर साध्यासुध्या घाणीवर खर्च केला होता, आणि आता तो पुरेसा वाटत नव्हता.

काका उठले. मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले.

"बावीस वर्षं," ते म्हणाले, "रोज सकाळी तुमच्या हातचा शर्ट घालून मी घराबाहेर पडतो. लोक म्हणतात, ड्रायव्हर असावा तर असा. मला वाटायचं, मास्तर आपल्याला जपतात." त्यांनी वरचं बटण काढलं. मग जरा विचार केला आणि परत लावलं. "खाली बनियन फाटकं आहे. नाहीतर इथेच दिला असता."

चिरंजीवांना हसू आलं आणि आल्याची लाज वाटली.

सहा वाजले. मालकीणबाईंनी हात पुढे केला. काकांनी सवयीने किल्ली पुढे केली. मालकीणबाईंनी किल्लीसकट त्यांची मूठ परत मिटवली.

"गाडी कधी होईल?" त्यांनी शीताईला विचारलं.

"चेन, टेन्शनर, जाळी, सगळं आतून पुसून. आठ दिवस."

"भाऊजी, आठ दिवस दवाखान्याची गाठोडी तुम्ही न्यायची. खांद्यावरून. काका सोबत येतील, रस्ता दाखवायला. हातात काही घेणार नाहीत."

मास्तरांनी मान हलवली.

"आणि काका," शीताई म्हणाली, "चूक थोडी माझीही आहे. कुणासमोर काय बोलावं याला काही मर्यादा असते."

निघताना ती दाराशी थांबली. फळीवर तिचं गाठोडं होतं. शनिवारी टाकलेले चार डगले, तेलाने ताठ झालेले. तिने ते दोन बोटांनी उचललं आणि अंगापासून हातभर लांब धरलं.

"अहो, ते व्हायचेत अजून," मास्तर मागून म्हणाले. आवाज पार बसला होता. "उद्या पहिले तेच घेतो. नवे करून देतो."

"नको," शीताई म्हणाली. "आहेत तेच बरे आहेत."

*

आठ दिवसांनी काका म्हातारीला न्यायला गॅरेजवर आले. चावी मारली. खिळे नाहीत, खोकला नाही. चार पावलं, चारही सारखी. काका खिडकीला कान लावून बसून राहिले, दूर गेलेल्या माणसाचा फोन आल्यासारखे.

शीताईचं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. चुरगळलेला होता. कॉलरला आतून काळपट रेघ होती, आणि खिशाखाली चहाचा डाग, जिभेसारखा लांब.

"घरी धुतला," काका म्हणाले. "पहिल्यांदाच. जमला नाही."

शीताईने तोंड उघडलं. ओठांचा तो ठरलेला आकार झाला. मग तिने हातमोजा काढला, उघड्या बोटाने डागाच्या कडेला हात लावून बघितला आणि बोट डगल्याला पुसलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "शोभतोय."